मनोरीची लाल मुनिया

मालाडनजीकच्या मार्वे बंदरांतून नावेनें खाडी ओलांडली कीं मनोरी लागते. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी. जवळजवळ बेटच तें. गेल्या श्रावणांत तेथील पाणथळीच्या गवतांत एक जुनें ओळखीचें पांखरूं दिसलें. चिमणीहून लहान, जेमतेम चार इंच. अंग गुंजेसारखें लाल, त्यावर शुभ्र ठिपके. लवलवत्या काडीवर तोल सांवरीत तें गवताचें बीं टिपीत होतें. हीच लाल मुनिया.

माझी तिची पहिली ओळख मात्र पिंजऱ्यांतली. १९६९ सालच्या दिवाळींत वडिलांनीं दारावर आलेल्या एका पक्षीविक्याकडून जोडी घेतली. नर लाल, मादी उदी. आम्ही मुलें त्यांना राळे घालीत असूं. शिमगा सरला आणि नराची लाली उतरूं लागली; चैत्रांत तर नर कोणता, मादी कोणती हेंच कळेना. रंगविलेलें पांखरूं आपल्या गळ्यांत बांधलें, असा आजीनें निवाडा दिला. तो विक्या पुन्हां आळींत आला तेव्हां मींच पुढें होऊन चारचौघांत त्याला लबाड म्हटलें. "बाळ, पावसांत पुन्हां लाल होईल," इतकेंच तो बोलला. वडिलांनीं पैसे परत घेऊन पिंजरा त्याच्या हवालीं केला.

पुढें शिक्षक झाल्यावर डॉ. सालीम अलींच्या पुस्तकांत वाचलें कीं, विणीचा हंगाम सरला म्हणजे हा नर मादीसारखाच दिसतो! मुनियांच्या कुळांत असा ऋतुमानाप्रमाणें वेष पालटणारा पक्षी विरळाच. चोंचहि एप्रिलांत काळी पडते व मे महिन्यापासून पुन्हां तांबडी होऊं लागते. वीण मुख्यतः पावसाळ्यांत. गवताचें गोल घरटें, दार बाजूस, आंत चार ते सहा पांढरीं अंडीं.

या रूपापायींच बिचारी पिंजऱ्यांत पडली. अहमदाबादेहून तिची युरोपांत रवानगी होई. लिनीअसनें १७५८ सालीं तिला दिलेलें 'अमंडावा' हें नांव त्या शहरावरूनच आलें. आतां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें तिला धरणें वा विकणें हा गुन्हा आहे.

त्या विक्याची मात्र पुढें गांठ पडली नाहीं. मनोरीस त्या दिवशीं नावेची वेळ झाली तरी माझा पाय निघेना. तो लाल नर गवताचें लांब पातें चोंचींत धरून एकाच झुडपांत तीनदां शिरला. चौथ्या खेपेस पातें वाऱ्यानें उडालें. तो काडीवर बसून क्षणभर त्याकडे पाहत राहिला आणि दुसरें आणावयास गेला.