मोहल्ल्याचा नकाशा कोण काढतो?
भूगोल आणि नगररचनेच्या पदवी अभ्यासक्रमांविषयी, मुलांच्या आई-वडिलांसाठी

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या नगरपरिषदेने शहराचा नवा विकास आराखडा तयार केला होता. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात जाहीर सूचना आली आणि कचेरीच्या भिंतीवर नकाशा लागला. मोहल्ल्यातले कुणी तिकडे फिरकले नाही. काही महिन्यांनी कुणीतरी खबर आणली की मागच्या गल्लीवर १८ मीटरचा रस्ता दाखवला आहे आणि सात-आठ घरे त्यात जाणार आहेत. जमातीचे चार बुजुर्ग आम्हाला बरोबर घेऊन कचेरीत गेले. भूगोलाचे मास्तर आहेत, यांना नकाशा कळेल, अशी त्यांची समजूत. कारकुनाने सांगितले, "हरकती घ्यायची मुदत संपली."

आम्ही त्या नकाशापुढे उभे राहिलो. दहा वर्षे वर्गात नकाशे शिकवले होते. पण पिवळे, हिरवे, जांभळे पट्टे आणि तुटक रेघा यांतून आपली गल्ली कोणती, हे बोट ठेवून सांगता येईना. बुजुर्ग काही बोलले नाहीत. परत येताना मात्र आम्हालाच मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात हे सारे सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, हा नकाशा काढतं कोण?"

आम्ही म्हणालो, "नगररचनाकार."

"त्यासाठी काय शिकावं लागतं?"

याचे नीट उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हते. ते मिळवायला वेळ लागला आणि त्याची किंमत त्या मुलीने मोजली. तीच हकिगत आज सांगायची आहे.

आराखडा म्हणजे काय?

महाराष्ट्रात हे काम 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्याने चालते. घरे कुठे, बाजार कुठे, कारखाने कुठे, शाळा, दवाखाना, मैदान, कब्रस्तान, स्मशान यांना जागा किती, रस्ता किती रुंद, हे सगळे विकास आराखड्यात ठरते. साधारणपणे पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा आणि हिरवा मैदाने-बागांचा. आधी प्रारूप प्रसिद्ध होते आणि त्यावर हरकती व सूचना मांडायला लोकांना ३० दिवस मिळतात. पुढे सुनावणी होते, मग शासनाची मंजुरी. एकदा मंजूर झालेला आराखडा २० वर्षांपर्यंत चालू शकतो. म्हणजे ते ३० दिवस हुकले, तर एका पिढीचा प्रश्न होतो.

वेळेवर बोलले तर फरक पडतो, हे मुंबईने दाखवले आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याचे प्रारूप आले. त्यातल्या असंख्य चुका रहिवासी संघटना, वास्तुरचनाकार आणि नियोजनाच्या जाणकारांनी दाखवून दिल्या. शेवटी सरकारला ते प्रारूप मागे घेऊन नव्याने काम करायला लावावे लागले. नवा आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. तिथे नकाशा वाचणारी माणसे होती. आमच्या गावात नव्हती.

आपल्याला हे काम परके नाही. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. जमिनीचा चढ-उतार, भूजल आणि वस्तीची गरज यांचा हिशेब जमल्याशिवाय असे काम होत नाही. आज ज्याला भूगोल आणि नियोजन म्हणतात, ते याहून वेगळे काय आहे?

पहिला रस्ता : बी.प्लॅन

बारावीनंतर थेट नियोजनाची पदवी घ्यायची, तर 'बॅचलर ऑफ प्लॅनिंग', म्हणजे बी.प्लॅन. अभ्यासक्रम चार वर्षांचा. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या 'स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर' या तीन संस्था केंद्र सरकारच्या असून त्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचा दर्जा आहे. पुण्याच्या सीओईपीतही हा अभ्यासक्रम चालत आला आहे.

केंद्रीय संस्थांत प्रवेशासाठी जेईई मेनचा पेपर २-बी द्यावा लागतो. त्यात गणित, कलचाचणी आणि नियोजनावरचे प्रश्न असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र नसते. चित्रकलेची परीक्षाही नसते, ती वास्तुकलेच्या पेपरात असते. जेईई मेन १३ भाषांत घेतली जाते आणि त्यांत मराठी आहे, उर्दूही आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची अट. बारावीला गणित हवे. विज्ञान शाखाच हवी असे नाही. आपल्या राज्य मंडळात कला आणि वाणिज्य शाखेलाही गणित घेता येते. ते विषय म्हणून घेतलेले असेल, तर कला शाखेची मुलगीही बी.प्लॅनच्या दारात उभी राहू शकते. नसेल, तर दार बंद.

आमची चूक

त्या मुलीला दहावीला ७८ टक्के मिळाले. तिचे अब्बा विचारायला आले, "सर, भूगोल पढ के क्या करेगी? डी.एड. करवा दूँ?" आम्ही त्यांची समजूत काढली आणि मुलीला अकरावी कला शाखेत भूगोल घेऊन दिला. गणिताचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा आम्हीच म्हणालो, "कला शाखेला गणित कशाला? टक्के कमी होतील." अब्बांनी मान डोलावली. तिला गणित आवडत होते. तिला कुणी विचारलेच नाही.

बारावीचा निकाल लागल्यावर बी.प्लॅनचे माहितीपत्रक आमच्या हाती आले. अट वाचली आणि गप्प झालो. तिच्या घरी जाऊन सांगावे लागले. ती एवढेच म्हणाली, "सर, दुसरा रस्ता नाही का?"

रस्ता होता, पण लांबचा.

दुसरा रस्ता : भूगोलाची पदवी

भूगोल म्हणजे राजधान्या आणि नद्यांची नावे, असा आपल्याकडे समज आहे. पदवीचा भूगोल वेगळा असतो. भूरूपे, हवामान, माती, पाणी हा एक भाग. लोकसंख्या, वस्त्या, शेती, स्थलांतर हा दुसरा. तिसरा भाग हाताने करायच्या कामाचा असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे वाचणे, जमिनीची मोजणी, घरोघरी सर्वेक्षण, उपग्रहाच्या प्रतिमा आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती एकत्र जोडण्याचे तंत्र. हे शिकायला महागडी सामग्री लागतेच असे नाही. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ सर्वांना खुले आहे.

भूगोल आपल्या राज्यातल्या बहुतेक कला महाविद्यालयांत आहे. बाहेर पाठवायची तयारी असेल, तर अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा भूगोल विभाग १९२४ पासूनचा आहे. महाविद्यालय निवडताना एकच पाहा : प्रयोगशाळा चालू आहे का, मुलांना क्षेत्रभेटीला नेतात का, जीआयएस खरोखर शिकवतात का. नुसत्या वहीवरच्या भूगोलाने नोकरी मिळत नाही.

भूगोलात एम.ए. किंवा एम.एस्सी. केले, की अनेक संस्थांत एम.प्लॅन या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी पात्रता येते. आमची विद्यार्थिनी याच वाटेने गेली. तीन वर्षे बी.ए., दोन वर्षे एम.ए., दोन वर्षे एम.प्लॅन. चार वर्षांत जिथे पोचली असती, तिथे सात वर्षे लागली. मधली तीन वर्षे तिच्या अब्बांनी कशी काढली, हे आम्हाला ठाऊक आहे.

नोकरीचे काय?

खरे ते सांगतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्के वस्त्यांना आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना खात्यांत १२,००० हून अधिक नगररचनाकारांची गरज असताना मंजूर पदे ४,००० पेक्षा कमी आणि त्यांतलीही जवळपास निम्मी रिकामी. म्हणजे गरज मोठी आहे. पण सरकारी भरती संथ आहे आणि तिथे स्थापत्य अभियंते व वास्तुविशारदही स्पर्धेत असतात. महाराष्ट्रात सहायक नगररचनाकाराची भरती लोकसेवा आयोगाकडून होते. जाहिरातीतली पात्रता शब्द न शब्द वाचून घ्यावी. खासगी सल्लागार संस्था, महानगर विकास प्राधिकरणे, जीआयएसच्या कंपन्या, पाणी आणि पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्था, ही बाकीची ठिकाणे. शिवाय भूगोल हा संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय आहे. पगार पहिल्याच दिवशी डोळे दिपवणारा नसतो. काम मात्र इज्जतीचे आहे आणि मुलींना चांगले जमणारे आहे. सर्वेक्षणात बाईने दार वाजवले, तर घरातली बाई मोकळेपणाने बोलते.

आई-वडिलांना एवढेच

मूल आठवी-नववीत असतानाच त्याला एक नकाशा आणून द्या. आपली गल्ली त्यात शोधू द्या. ज्याला तो खेळ आवडतो, त्याला ओळखा. दहावीनंतर शाखा कोणतीही घ्या, पण जमत असेल तर गणित सोडू नका. आणि आमच्यासारख्या मास्तरांना विचाराल, तेव्हा मुलालाही विचारा.

आमची ती विद्यार्थिनी आता पुण्यात एका खासगी सल्लागार संस्थेत आहे. गेल्या ईदला आली, तेव्हा शाळेत बोलावले. तिने आठवीच्या मुलांना जमिनीवर बसवून मोहल्ल्याचा नकाशा काढायला लावला. नळ कुठे, गटार कुठे तुंबते, रात्री अंधार कुठे असतो. मुलांनी दोन तासांत जे कागदावर आणले, ते आम्हाला बारा वर्षांपूर्वी भिंतीपुढे उभे राहून दिसले नव्हते.

त्या १८ मीटरच्या रस्त्याचे काम अजून सुरू झालेले नाही, पण नकाशावरून तो पुसलाही गेलेला नाही. त्या घरांतली माणसे वरचा मजला बांधू शकत नाहीत. आमच्या गावच्या पुढच्या आराखड्याला सात-आठ वर्षे आहेत. आज नववीत असलेले मूल तोवर बी.प्लॅन होऊन बाहेर पडलेले असेल. तेव्हा ३० दिवसांची सूचना वर्तमानपत्रात येईल. ती वाचणारा, नकाशापुढे उभा राहून बोट ठेवणारा एक तरी जण आपल्या घरातला असावा, एवढीच दुआ आहे.