लाकडी मनोऱ्याचा ताळेबंद

गेल्या दिवाळीत आमचे एक स्नेही घरी आले. तीन पिढ्यांचे भुसार मालाचे दुकान, हिशेबाला चोख आणि वडिलांवर नितांत भक्ती. गावाजवळच्या तळ्याकाठी वडिलांच्या स्मरणार्थ पक्षीनिरीक्षणाचा मनोरा बांधून द्यावा, असे त्यांच्या मनात होते. सोबत दोन कोटेशने होती. एक लोखंडी सांगाड्याचे, दुसरे लाकडी. लाकडी जवळजवळ दीडपट महाग. ते म्हणाले, "साहेब, कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात तुमची हयात गेली. यातला कोणता मंजूर कराल?"

मी तात्काळ उत्तर दिले नाही. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका पाणथळ जागी मी लाकडी मनोरा पाहिला होता. दिसायला देखणा, पण त्याचे खांब थेट सिमेंटच्या खड्ड्यात रोवलेले. पावसाचे पाणी खांब आणि सिमेंट यांच्यामधल्या फटीत उतरे आणि तेथेच मुरे. वरचे लाकूड ठणठणीत असताना पाय आतून कुजले. अखेर जिन्याला दोरी बांधून मनोरा बंद करण्यात आला. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र अजून सुस्थितीत आहे.

योगायोगाने एप्रिलमध्ये अँटवर्पला पुतण्याकडे जाणे झाले. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त आपली अनेक कुटुंबे तेथे स्थायिक आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. तेथून मोटारीने नेदरलँड्समधील स्टेलेंडाम गावाजवळ जाता येते. गावालगतच्या स्खेलहुक या निसर्गराखीव क्षेत्रात 2019 मध्ये 'तेय' नावाची एक पक्षीनिरीक्षणशाळा उभी राहिली. रो अँड एडी आणि राऊ या वास्तुविशारद संस्थांची ही रचना. 'तेय' म्हणजे भरती-ओहोटी, आणि वास्तूचा आकार आहे अंड्याचा. सँडविच टर्न हा सुरय कुळातला पक्षी तेथील बेटांवर वीण करतो; त्याच्याच अंड्याचा हा आकार, रेतीत आडवे ठेवल्यासारखा.

या जागेचा पूर्वेतिहास समजून घेतला पाहिजे. 1953 च्या महापुरात नेदरलँड्समध्ये 1,836 माणसे दगावली. त्यानंतर समुद्राला अडवण्यासाठी जी प्रचंड बांधकामे झाली, त्यांत हारिंगफ्लीटची खाडीही बंद झाली. माणसे सुरक्षित झाली. परंतु खारे पाणी आणि त्याबरोबर येणारे मासे यांची वाट अडली. 2018 पासून तेथील दरवाजे थोडे किलकिले ठेवू लागले आहेत. हे अंडे म्हणजे त्या बदलाची खूण. वर्षातून क्वचित पाणी चढते तेव्हा वास्तूचा खालचा भाग बुडू शकतो, आणि तो बुडणार हे गृहीत धरूनच आराखडा केला आहे. बुडीत कर्जाची तरतूद पहिल्या दिवशीच करून ठेवावी, तसे.

म्हणूनच तळाशी वेगळे लाकूड आहे. अ‍ॅकोया नावाचे हे लाकूड मुळात साधे पाइनच. पण त्यावर अ‍ॅसेटिक अनहायड्राइडची प्रक्रिया केल्यामुळे ते पाणी फारसे शोषत नाही, परिणामी फुगत नाही आणि सहजी कुजत नाही. पाण्याच्या पातळीवरचे लाकूड साधे पाइन. छपरावर तेथील बोरूचे गवत. महाग माल जेथे लागेल तेथेच, ही व्यापाऱ्याला सहज पटणारी गोष्ट.

आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. छोट्या छोट्या लाकडी तुकड्यांची शंकरपाळ्यांसारखी जाळी तळापासून शिखरापर्यंत गेलेली. ही युक्ती शंभर वर्षांची. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत लाकडाची टंचाई असताना मेर्सेबुर्गचे नगर-वास्तुविशारद फ्रीडरिश झोलिंगर यांनी आखूड फळ्या एकमेकींत गुंतवून मोठी छपरे उभारण्याची रीत काढली. अखंड लांब तुळई लागत नाही, म्हणजे जुने मोठे झाड तोडावे लागत नाही. शिवाय ही वास्तू सुटी करून दुसरीकडे उभारता येते.

मला सर्वांत भावले ते प्रवेशद्वार. उघड्या आभाळाखाली माणसांची रांग चालत आली की पक्षी उडतात. वीण चालू असेल तर अंडी उघडी पडतात. म्हणून शेवटचा टप्पा वाळूने झाकलेल्या बोगद्यातून आहे, आणि तो बोगदा जुन्या, वापरून झालेल्या लाकडांचा. उंच मनोऱ्याच्या टोकावर उभे राहून हात हलवणारे पाहुणे आपल्याकडे मी पुष्कळ पाहिले आहेत. पक्ष्यांसाठी ते घारीपेक्षा बरे नसावेत.

परत आल्यावर नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा जलाशय 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरला. तेथे बसून मी स्नेह्यांसाठी टिपण लिहिले. आपल्याकडे भरतीची भीती नाही. आहेत ती वाळवी, चार महिन्यांचा पाऊस आणि मेमधले ऊन. म्हणून सागाचा गाभाच घ्यावा, कडेचे पांढरट लाकूड नको. वाळवी त्यालाच आधी लागते. खांब जमिनीत गाडू नयेत, गंजरोधक पोलादी पायावर वीतभर उंच ठेवावेत. खांबांच्या माथ्यावर पाणी ठरू नये. प्रत्येक फळी एका सुताराला तासाभरात बदलता यावी. उंची फार नको. पाण्याकडच्या बाजूला आड असावी आणि वाट झुडपांमागून यावी.

शेवटी आकडे. लाकडी मनोऱ्याची रक्कम एकदम खर्चू नये. चौथा हिस्सा मुदत ठेवीत ठेवावा आणि त्याच्या व्याजातून दर पावसाळ्यानंतर तपासणी, तेलपाणी आणि दुरुस्ती व्हावी. त्यासाठी मनोरा लहान करावा लागला तरी चालेल. बारा माणसांऐवजी सहा बसतील. घसारा धरला नाही तर दोन्ही कोटेशने सारखीच महाग आहेत.

स्नेह्यांनी टिपण दोनदा वाचले. ठेवीची कल्पना त्यांना लगेच पटली. अडले ते पाटीपाशी. मी लिहिले होते, बाहेर पाटी नको. उन्हात चकाकणारा दगड पाण्याकडे तोंड करून कशाला? वडिलांचे नाव आतल्या बाकाच्या पाठीवर कोरावे, दुर्बीण घेऊन बसणाऱ्याला दिसेल असे. "रस्त्यावरून दिसणारच नाही?" त्यांनी विचारले. "नाही," मी म्हणालो. ते घरी विचारून सांगतो म्हणाले. सागवानाचा भाव मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढला आहे.