संगणकात नोंद नाही, म्हणून नुकसान नाही?

सरकारी काम ऑनलाइन झाले की ते आपोआप अचूक होते, असा समज गावोगाव रुजला आहे. त्याच्याच पोटी दुसरा, अधिक महागात पडणारा समज जन्मतो: संगणकात नोंद नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही. धाराशिव जिल्ह्याने याची किंमत 2020च्या खरिपात मोजली. ऑक्टोबरात, ऐन सोयाबीनच्या काढणीत अतिवृष्टी झाली. सरकारी यंत्रणेने पंचनामे केले, मदतही वाटली. तरीही साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना पीकविम्याची भरपाई नाकारली गेली, कारण नुकसानीची पूर्वसूचना 72 तासांत कंपनीकडे पोहोचली नव्हती. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. एकाच शिवारातले नुकसान सरकारच्या कागदावर होते, विम्याच्या नोंदीत नव्हते. दोन्ही दप्तरे एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडला.

मुदत नको का, असा प्रश्न इथे येतो आणि तो रास्त आहे. महिन्याभराने शेत पाहायला गेलेल्या माणसाला पावसाचे नुकसान आणि मुळातली नापिकी यांत फरक करता येणार नाही; खोटे दावेही येतील. पण मुदत ही पडताळणीच्या सोयीसाठी असते. पडताळणी पंचनाम्याने आधीच झाली असेल, तर मुदतीवर बोट ठेवण्यात अर्थ उरत नाही. शिवाय नुकसानीची सूचना पीकविम्याच्या ॲपवरूनच द्यावी लागत होती हाही गैरसमजच. टोल फ्री क्रमांक, बँक आणि कृषी विभाग हे मार्ग योजनेत होतेच. टाळेबंदीच्या त्या वर्षात, पूर आलेल्या गावातून, ते किती जणांच्या आवाक्यात होते हा वेगळा मुद्दा. पुढे 2025च्या खरिपात राज्याने भरपाई पीक कापणी प्रयोगांवरच्या उत्पादनाशी जोडली, आणि वैयक्तिक पूर्वसूचनेला भरपाईत जागाच उरली नाही. भरपाई कोणाला मिळणार हे फोनातले ॲप ठरवत नाही, शासन निर्णय ठरवतो.

ई-पीक पाहणीबद्दलही असाच घोळ आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटोसह पिकाची नोंद करतो आणि ती गाव नमुना बारावर येते. पूर्वी ही नोंद तलाठी करी, बऱ्याचदा बांधावर न जाताच, त्यामुळे बदल चांगलाच आहे. पण पीक पाहणी केली म्हणजे विमा उतरला किंवा पंचनामा झाला असे नव्हे. ती फक्त शेतात काय उभे आहे एवढेच सांगते. विम्याचा अर्ज वेगळा, नुकसानीची कैफियत वेगळी. एकाच फोनवर सगळे होते म्हणून ते एकच वाटते.

उलट्या बाजूचे गैरसमजही कमी नाहीत. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर तलाठ्याचा शिक्का लागतो असे सांगून आजही लोकांना परत पाठवले जाते. कायद्याने तो उतारा शिक्क्याविना वैध आहे. रेशन दुकानात अंगठा जुळला नाही म्हणजे धान्य बुडाले, हेही खरे नाही. 2018च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओळख न पटल्याने कोणाचा लाभ अडू नये असे बजावले आहे. दाखल्यांसाठी तर 2015चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते, विभागात दोन अपिले करता येतात, तिसरे आयोगाकडे, आणि कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होतो. तेव्हा ‘सिस्टीम घेत नाही’ असे उत्तर मिळाले, तर तेवढेच कागदावर लिहून मागावे.