देखाव्यालाही माप असतं!

हुपरीचा चांदी कारागीर पैंजण हातात घेतला की नुसतं 'छान आहे' म्हणून थांबत नाही. वजन किती, टंच किती, घडण कशी, हे तो सांगतो. शेतीतही सामू, निचरा हे शब्द आपण शिकलो आणि खताचा हिशेब जमू लागला. मात्र गावातून दिसणाऱ्या डोंगराबद्दल आपण 'देखावा झकास' एवढंच बोलतो. शेतकरी बंधूंनो, इथंच आपण कमी पडतो. उद्या कुणी डोंगराची कड मुरमासाठी फोडायला निघाला, तर 'देखावा जातो' एवढ्या तक्रारीला वजन येत नाही. त्यासाठी चार शब्द ध्यानात ठेवा.

पहिला शब्द दृष्टिक्षेत्र. पाणलोट क्षेत्र आपल्याला ठाऊक आहेच. जेवढ्या जमिनीचं पाणी एका ठिकाणी येतं, तेवढा त्या जागेचा पाणलोट. तसंच एका जागी उभं राहून जेवढी जमीन नजरेत येते, ते त्या जागेचं दृष्टिक्षेत्र. इंग्रजीतला शब्दही पाणलोटाच्या शब्दावरूनच घडवला आहे. उभं राहायची जागा म्हणजे दर्शनबिंदू. महाबळेश्वरला त्यालाच 'पॉइंट' म्हणतात.

दुसरा शब्द टप्पा. अमेरिकेच्या वनखात्यानं १९९५ च्या पुस्तिकेत अर्ध्या मैलापर्यंत (सुमारे ८०० मीटर) जवळचा, तिथून चार मैलांपर्यंत (सुमारे साडेसहा किलोमीटर) मधला आणि त्यापुढं लांबचा, असे टप्पे धरले आहेत. जवळ झाडाची फांदी दिसते, मध्ये शिवार, लांब फक्त डोंगराची कड.

तिसरा शब्द सामावण्याची क्षमता. दाट झाडीत बांधलेली शेड झाकून जाते; उघड्या माथ्यावर तीच शेड कोसावरून डोळ्यांत खुपते. चौथा शब्द संवेदनशीलता, म्हणजे तो देखावा किती लोक आणि कशासाठी पाहतात. यात्रेच्या वाटेवरचा डोंगर आणि आडबाजूचं टेकाड एका मापात धरता येत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातला पन्हाळा बघा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात तो आहे. या नोंदीच्या नावातच 'भूदृश्य' आहे. नुसत्या तटबुरुजांचा हा मान नव्हे. केंद्राच्या कायद्यानं संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढं २०० मीटर नियंत्रण आहे. पण नजर मीटरवर थांबत नाही, ती कित्येक मैल जाते.

इथं शेतकऱ्याच्या मनात शंका येणारच. मधला टप्पा म्हणजे आपलंच रान! देखाव्याच्या नावाखाली त्यावर बंधनं आली तर? शंका रास्त आहे, आणि तिथंही हेच शब्द कामी येतात. 'कोणत्या दर्शनबिंदूवरून, कोणत्या टप्प्यात, काय बिघडतं?' असं विचारा. उत्तर नेमकं असेल तर बंधन डोंगरकडेपुरतं राहील, सगळ्या शिवारावर पडणार नाही.

सरपंच, सदस्य आणि अधिकाऱ्यांना विनंती : २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तिच्यात भूदृश्याची नोंद करता येते. गावाचे दोन-तीन दर्शनबिंदू ठरवा, तिथून फोटो घ्या, गट नंबर लिहा. ऊस उभा असताना एकदा आणि तोड झाल्यावर एकदा पाहणी करा, कारण वाढलेला ऊस रस्त्यावरून नजर अडवतो. मग ग्रामसभेत ठराव घ्या. खोदाईचा अर्ज येण्याआधी हे कागद तयार असले, तर हरकत घेताना गावाच्या हातात पुरावा राहील.