एका चिमटीत साठ हजार

आर्टेमिया म्हणजे ब्राइन श्रिम्प, खाऱ्या पाण्यातला इवलासा जीव. मासे पाळणाऱ्यांकडे त्याच्या अंड्यांची तपकिरी पूड असतेच. पाव ग्रॅम पूड म्हणजे जेमतेम चिमूटभर, पण त्यात साठ हजारांच्या आसपास अंडी असतात. एका ग्रॅमात दोन ते तीन लाख. एकेक अंडे पाव मिलिमीटरचे. ग्रॅमभर अंडी एकापुढे एक मांडली तर साठ मीटरची रांग होते. कोळंबी आणि माशांच्या बीजकेंद्रांत दरवर्षी अशी हजारो टन अंडी लागतात. त्यातल्या तीन हजार टनांची रांग लावली, तर ती १८ कोटी किलोमीटर भरेल. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे.

खरे तर ही नुसती अंडी नव्हेत. प्रत्येक कवचात सुमारे चार हजार पेशींचा गर्भ वाढ थांबवून बसलेला असतो. तो जवळजवळ कोरडा असतो आणि ट्रेहलोज नावाची साखर त्याला सांभाळते. १९७२ साली अपोलो १६ आणि १७ या यानांतून ही अंडी चंद्रापर्यंत जाऊन आली.

ही झोप मोडायला आपल्या घरातले सामान पुरते. लिटरभर पाणी, २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, २८ अंशांच्या आसपास ऊब, दिव्याचा उजेड आणि तळापासून सतत हवा. साधारण २४ तासांत पाणी नारिंगी दिसू लागते. त्याआधी भिंग लावून पाहिले तर कवच तडकलेले दिसते आणि त्याखाली पातळ पडद्यात लोंबकळणारे पिल्लू. बाहेर पडते तेव्हा ते अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. एकच लाल डोळा, अवयवांच्या तीन जोड्या.

त्या लिटरभर पाण्यात पाव ग्रॅम पूड घातली आणि साठ हजारांपैकी ८० टक्के अंडी फुटली तरी मिलिलिटरला जवळपास पन्नास पिल्ले होतात. ड्रॉपरच्या प्रत्येक थेंबात दोन-तीन! माशांच्या पिल्लांना खाऊ घालायची असतील तर पहिल्या काही तासांतच घालावीत. तेव्हा ती काही खात नाहीत, अंगातल्या बलकावर जगतात आणि तासागणिक तो बलक आटत जातो.

वाढवायची असतील, तर मात्र एवढी पिल्ले ठेवू नयेत. दोन-तीन आठवड्यांत लांबी वीसपट होते, वजन पाचशेपट. तीन किलोचे तान्हे बाळ पंधरवड्यात दीड टनाचे व्हावे, तसे हे. त्या भुकेला एका बाटलीतले अन्न आणि प्राणवायू पुरणे शक्यच नाही. म्हणून थोडी पिल्ले मोठ्या टबात सोडावीत. पाणी किंचित गढूळ होईल इतकेच यीस्ट किंवा स्पिरुलिना घालावे आणि पाणी निवळले की मगच पुन्हा. अंडी उबवताना आकडा जितका मोठा तितका आनंद, पण वाढवताना तो आपणच आवरायचा असतो.

निसर्गातही आकडे आवरले जातातच. मादी एका विणीत तीनशेपर्यंत पिल्ले देऊ शकते. निम्म्या माद्या धरून प्रत्येकीची एकच वीण मोजली, तरी तिसऱ्या पिढीत साडेसदुसष्ट लाख होतात. पण अमेरिकेतल्या युटा राज्याच्या ग्रेट सॉल्ट लेकवर शरदात इअर्ड ग्रीब हे पाणपक्षी लाखोंनी उतरतात आणि एकेक पक्षी दिवसाला २५ ते ३० हजार आर्टेमिया फस्त करतो. दहा लाख पक्षी धरले तरी एका दिवसात अडीच हजार कोटी.

याच सरोवरातून अंडी गोळा करून डबाबंद केली जातात. तिथे सरकारी शास्त्रज्ञ पाण्याचे नमुने घेऊन अंडी मोजतात. लिटरमागे २१ पेक्षा कमी भरली की काढणी बंद, कारण पुढच्या वसंतातली पिढी उरलेल्या अंड्यांतूनच यायची असते. २०२२ मध्ये सरोवराची पातळी नोंदीतल्या नीचांकाला गेली आणि पाणी जास्त खारट झाले, तेव्हा हे मोजमाप किती मोलाचे आहे ते दिसले. कोटींचे आकडे डोळे दिपवतात. पण ज्या आकड्याचा मान राखायला हवा, तो २१ हा आहे.