कोविड-१९ महासाथ आणि त्वचोपचारांची मागणी

कोविड-१९च्या महासाथीचा त्वचेवरील ऐच्छिक उपचारांच्या मागणीवर दुहेरी परिणाम झाला. २०२०च्या पूर्वार्धात दवाखाने बंद राहिल्याने ही मागणी खुंटली. ते पुन्हा उघडल्यावर मात्र काही उपचारांसाठी ती वाढली. बोटॉक्स, फिलर, लेसर व केमिकल पील हे उपचार या प्रकारात मोडतात.

टाळेबंदीचा काळ

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ घोषित केल्यानंतर अनेक देशांत तातडीचे नसलेले उपचार पुढे ढकलण्यात आले. चेहऱ्यावरील उपचारांसाठी रुग्णाला मुखपट्टी काढावी लागते आणि डॉक्टरांना अगदी जवळ थांबावे लागते. त्यामुळे त्यांत संसर्गाचा धोका अधिक मानला गेला. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून केशकर्तनालये व ब्यूटी पार्लर उघडली, तेव्हाही केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग व थ्रेडिंग एवढ्याच सेवांना परवानगी होती. त्वचेशी संबंधित सेवा वगळण्यात आल्या होत्या.

मागणीतील वाढ

आंतरराष्ट्रीय सौंदर्य प्लास्टिक शल्यचिकित्सा संस्थेच्या (इसाप्स) पाहणीनुसार २०२० मध्ये जगभरातील सौंदर्य शस्त्रक्रिया १०.९ टक्क्यांनी घटल्या, तर शस्त्रक्रियेविना होणारे उपचार ५.७ टक्क्यांनी वाढले. २०२१ मध्ये दोन्ही मिळून १९.३ टक्के वाढ झाली. घरून काम करताना उपचारानंतरची सूज वा लाली लोकांच्या नजरेस पडत नसे, मुखपट्टीआड ती झाकलीही जाई. प्रवास व समारंभ बंद झाल्याने काहींच्या हाती पैसाही शिल्लक राहिला.

तथापि सर्वाधिक चर्चा झाली ती दृक्श्राव्य बैठकांची. तासन्‌तास स्वतःचाच चेहरा पडद्यावर पाहण्याची वेळ याआधी बहुतेकांवर आली नव्हती. त्यातून येणाऱ्या असमाधानाला अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी ‘झूम डिसमॉर्फिया’ असे नाव दिले. वास्तविक, जवळून टिपलेली प्रतिमा चेहऱ्याचे प्रमाण बिघडवते: २०१८ मधील एका अभ्यासानुसार सुमारे ३० सेंटिमीटरवरून घेतलेल्या छायाचित्रात नाक दीड मीटरवरून घेतलेल्या छायाचित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. म्हणजे काही जण मुळात नसलेल्या दोषावर उपाय शोधत होते. मुखपट्टीच्या घर्षणाने व दमट उष्णतेने येणारे मुरूम आणि आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी केसगळती या तक्रारी मात्र खऱ्या होत्या.

आवश्यक उपचारांची स्थिती

आवश्यक त्वचोपचारांच्या वाट्याला अशी उभारी तत्काळ आली नाही. जगात २०१९ मध्ये कुष्ठरोगाचे दोन लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या १,२७,५५८ वर आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण भारतातील होते. ही घट रोग ओसरल्याची नसून प्रामुख्याने घरोघरची तपासणी थांबल्याची होती. त्वचेवरील बधिर चट्टा वेळेत ओळखला गेला नाही, तर मज्जातंतूंची कायमची हानी होऊन हातापायांना व्यंग येऊ शकते.