दान, खैरात आणि हक्क : खानदेशातील देण्याघेण्याच्या शब्दांचा अर्थविचार

दारिद्र्य दूर करण्याचे उपाय एखाद्या समाजाजवळ असोत वा नसोत, दारिद्र्याविषयी बोलण्याचे शब्द त्याच्याजवळ असतातच. देणाऱ्याने किती दिले याची नोंद हिशेबाच्या वहीत सापडते. घेणाऱ्याला कोणत्या पायरीवर उभे केले, हे मात्र शब्दांतच शोधावे लागते. धुळे व त्याच्या आसपासच्या खानदेशात रूढ असलेल्या अशा काही शब्दांच्या अर्थांतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे शब्द सबंध मराठी मुलखाचे असले, तरी खानदेशाच्या इतिहासात व शेतीव्यवहारात त्यांचा अर्थ विशेष स्पष्ट होतो.

खानदेशावर १३८२ पासून १६०१ पर्यंत फारुकी घराण्याची सत्ता होती. तिचे पहिले ठाणे तापीकाठचे थाळनेर. पुढे राजधानी बऱ्हाणपुरास गेली. १६०१ नंतर हा प्रदेश मोगलांकडे आला. या दीर्घ काळात फारसीच्या द्वारे अनेक अरबी शब्द येथील बोलीत रुजले. त्यामुळे दानधर्माच्या शब्दसंग्रहात दोन थर दिसतात. दान, धर्म, पुण्य, भिक्षा, भीक हा एक. गरीब, फकीर, खैरात, जकात, हक्क हा दुसरा.

प्रथम पहिल्या थराकडे पाहू. ‘भिक्षा’ आणि ‘भीक’ हे मुळात एकच शब्द होत. संस्कृत ‘भिक्षा’, प्राकृत ‘भिक्खा’, मराठी ‘भीक’ असा हा सरळ क्रम आहे. परंतु तत्सम रूप आणि तद्भव रूप यांच्या वाट्याला निरनिराळी प्रतिष्ठा आली. मुंजीत बटू मागतो ती भिक्षा. संन्यासी मागतो तीही भिक्षा. मधुकर म्हणजे भ्रमर जसा फुलाफुलातून थोडा थोडा मध घेतो, तशी विद्यार्थ्याने घरोघर मागितलेली ती माधुकरी. भुकेने व्याकूळ झालेला मनुष्य त्याच दारात त्याच अन्नासाठी उभा राहिला, की तिला भीक म्हणतात. झोळीत पडणारा भात दोघांच्या बाबतीत सारखाच असतो. वेगळी असते ती मागणाऱ्याच्या मागण्यास समाजाने दिलेली संमती. ती नसली की शब्द किती खाली घसरतो, हे ‘भिकार’ या विशेषणावरून कळते. त्याचा दारिद्र्याशी असलेला संबंधही आता गळाला असून, वाईट वस्तूला, वाईट कवितेलाही, भिकार म्हणतात.

दुसऱ्या थरातील शब्दांचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. अरबीत ‘खैरात’ म्हणजे चांगली कृत्ये. मराठीत तिचा अर्थ प्रथम धर्मार्थ वाटप असा झाला आणि पुढे पात्रापात्र न पाहता केलेली उधळण असा झाला. ‘गुणांची खैरात’ या प्रयोगात स्तुती नाही, उपहास आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये धुळ्यास ‘सत्कार्योत्तेजक सभा’ स्थापन केली. तिच्या नावातील ‘सत्कार्य’ हा शब्द मूळ अर्थाने ‘खैरात’ या शब्दाचा प्रतिशब्दच म्हणावा लागेल. एकाच अर्थाचे दोन शब्द एकाच भाषेत नांदले. त्यांपैकी एक सभेच्या पाटीवर चढला आणि दुसरा टोमण्यात उतरला.

‘जकात’ या शब्दाने तर घेणारा पक्षच बदलला. अरबीत त्याच्या अर्थात वृद्धी आणि शुद्धी या दोन्ही कल्पना आहेत. इस्लामी आचारात वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग गरजूंसाठी काढून द्यावयाचा असतो. हा भाग दिल्याने उरलेले धन शुद्ध होते, अशी त्यामागील कल्पना आहे. मराठीत मात्र जकात म्हणजे नाक्यावर मालावर घेतला जाणारा कर. मुंबईत हा कर १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर येताच, बंद झाला. जकातनाका हे स्थलनाम तेवढे मागे राहिले. गरिबाचा वाटा असलेला शब्द अशा रीतीने सरकारी वसुलीचा झाला.

या शब्दांच्या मायभूमीत काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. सौदी अरेबियात १९५१ मध्ये राजाज्ञेने जकातीच्या वसुलीचे काम राज्याच्या खात्याकडे सोपविण्यात आले. म्हणजे तेथेही जकात सरकारी वसुलीत गेली. परंतु तिचा धर्मादाय अर्थ लोपला नाही. जकात कोणास द्यावी हे कुराणात आठ वर्गांनी सांगितले असून, त्यांत ‘फकीर’ आणि ‘मिस्कीन’ हे पहिले दोन होत. तेथे फकीर म्हणजे केवळ गरजू मनुष्य. विरक्त साधू हा अर्थ पुढचा. रमजानच्या अखेरीस द्यावयाचे धान्य ‘साअ’ या मापाने मोजतात, आणि हे माप चार ओंजळींचे मानले जाते. पसा आणि ओंजळ यांनी धान्य मोजणाऱ्या खानदेशी शेतकऱ्यास हे माप परके वाटू नये.

याचकाचा व वंचिताचा धनिकाच्या संपत्तीत जो वाटा आहे, त्यास कुराणात ‘हक्क’ म्हटले आहे. हा शब्द मराठीतही आला आणि बलुत्याच्या व्यवहारात स्थिरावला. सुगीत खळ्यावर सुतार, लोहार, चांभार, महार यांस मिळणारे धान्य दान नव्हते, भीक नव्हती. तो त्यांचा हक्क होता. परंतु हक्क म्हटले की प्रतिष्ठा आली, असे मानणे घाईचे ठरेल. महार वतनदाराचा हक्क त्याला गावकीच्या अहोरात्र चाकरीशी जखडून ठेवी. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा पुढे १९५८ मध्ये झाला. जो हक्क सोडून देण्याची मोकळीक नाही तो हक्क नव्हे, बंधन होय. शब्द मात्र दोहोंस एकच होता.

सालदाराच्या शब्दांतही हाच गुंता आढळतो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे वर्ष संपते व नवे ठरते. त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. मालक सालदाराला आगाऊ पैसे देतो त्यास ‘उचल’ म्हणतात. व्याकरणदृष्ट्या उचलणारा येथे कर्ता आहे. व्यवहारात मात्र उचल घेतलेला मनुष्यच वर्षभर बांधला जातो. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस जाणारी कुटुंबेही मुकादमाकडून उचल घेऊनच निघतात.

या कुटुंबांना ‘गरीब’ हा शब्द दुहेरी अर्थाने लागू पडतो. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, परदेशी मनुष्य. ज्याचे कोणी नाही तो असहाय, आणि असहाय तो निर्धन, असा अर्थ सरकत मराठीत केवळ निर्धन एवढाच उरला. कोयता घेऊन परमुलखात पाल ठोकणारा मजूर मराठी अर्थाने गरीब आहे आणि मूळ अरबी अर्थानेही. दारिद्र्य म्हणजे केवळ द्रव्याची उणीव नसून आपल्या माणसांची व आपल्या गावाची उणीवही असते, हे त्या जुन्या अर्थाने जपले होते.

आजच्या शासकीय मराठीने या संग्रहात नवे शब्द घातले आहेत. त्यांतील ‘लाभार्थी’ हा विशेष विचारार्ह आहे. ‘अर्थिन्’ म्हणजे इच्छा करणारा, मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो, लाभार्थी लाभ मागतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवरील धान्यास हक्काचे स्वरूप दिले. पण घेणाऱ्यास नाव मिळाले ते लाभार्थी, हक्कदार नव्हे. २०२३ पासून हे धान्य मोफत झाले, तेव्हा त्यास ‘खैरात’ म्हणणारेही निघाले. कायद्याने दिलेली पायरी भाषेने अशा रीतीने काढून घेतली.

याच्या उलट उदाहरणही मराठीतच आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात हजारो स्त्रीपुरुषांनी रस्त्यांच्या कामांवर खडी फोडली. त्या काळात आकारास आलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमी योजनेचे घोषवाक्य ‘मागेल त्याला काम’ असे होते. ‘मागणे’ हे क्रियापद भिकेबरोबर येते, तसेच हक्काबरोबरही येते. त्याची मान खाली असावी की ताठ, हे त्याच्या कर्मावर अवलंबून असते. आणि ते कर्म कोणते मानावयाचे, हे मागणारा एकटा ठरवीत नाही, ज्याच्या दारात तो उभा आहे तोही ठरवितो.